भाकरीचं बिल

आमच्या ह्यांच्या पगारातून पहिल्यांदा इन्कमटॅक्स कापला गेला तेव्हा मला आधी हसूच आलं. इन्कमटॅक्स म्हणजे डॉक्टर, वकील आणि सराफांचं दुखणं, ते सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत कुठून शिरलं? हे तेव्हा तिथल्याच एका लहानशा कारखान्यात फिरते मिस्त्री होते. कारखान्यात डिझेल इंजिनं बनायची. ती त्र्यंबक-हरसूलकडच्या गिरण्यांत बसवलेली असायची, आणि बिघडली की हे पान्यांची पेटी उचलून एसटीने निघायचे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होते.

नुसता पगार टॅक्सच्या रेषेखालीच होता. पण सत्तरचं दशक संपता संपता कारखान्याने फिरतीचा भत्ता, म्हणजे एसटीचे आणि जेवणाचे पैसे, आणि हत्यारांसाठी मिळणारे पैसेही पगारातच धरले. वरून तशी विचारणा झाली म्हणे. मग टॅक्स लागला. माझं डोकंच फिरलं. ज्या पैशाचं एसटीचं तिकीट निघालं, ज्या पैशाचा पाना आला आणि कंपनीच्याच इंजिनावर झिजला, ती आमची कमाई कशी? मी हे मुख्याध्यापकांना विचारलं, शेजारणीला विचारलं, भाजीवालीलाही सोडलं नाही. सगळे म्हणाले, बाई, बरोबर आहे तुमचं. नुसतं बरोबर असून काय होतं, हे मला अजून कळायचं होतं.

ह्यांची काळजी वेगळी होती. हे एकच म्हणाले, "भत्ता आटला तर त्या घरी नेऊ काय?"

ते घर हरसूलच्या अलीकडच्या एका गावात होतं, भातगिरणीवाल्याचं. आम्ही बौद्ध. लग्नाआधी हे पहिल्यांदा तिथे गेले, इंजिन खोललं, साफ केलं, चालू करून दिलं. तोवर आडनाव विचारून झालं होतं. गिरणीवाल्याच्या आईने चहा दिला तो गोठ्याच्या वळचणीला खोचलेल्या, कान तुटलेल्या कपातून. पिऊन झाल्यावर तो आपणच धुऊन परत तिथेच खोचायचा. ह्यांनी धुतला, खोचला आणि शेवटची एसटी पकडून नाशिकला आले. मला हे सांगितलं ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, तेही हसत. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या फेरीला ह्यांनी बरोबर कंदिलाच्या दोन काचा नेल्या. त्या भागात काच फुटली की बाजाराच्या दिवसापर्यंत अंधारात चाचपडायचं. म्हातारीने काचा ठेवून घेतल्या, चहा त्याच कपात दिला. पुढे मग चहापूड, नाशिकच्या मेनरोडचा चिवडा, नातवंडांना पाट्या, तिच्या गुडघ्यांना चोळायला तेल. जेवणाचा भत्ता सगळा ह्यात जायचा. मी चिडवायची, सासुरवाडीला तरी एवढं नेता का कधी? वर्षं गेली. कधीतरी वळचणीचा कप दिसेनासा झाला, ह्यांना ओटीवर चहा मिळू लागला, आणि एक दिवस चुलीपाशी पाट मांडला गेला. तिच्या मुलांच्या ताटासारखंच ताट होतं. त्या दिवशी घरात पाऊल टाकताच हे म्हणाले, "आज आत जेवलो." मी विचारलं, काय होतं जेवायला? तर ते काही ह्यांना आठवेना.

पण रिकाम्या हाताने त्या उंबऱ्यावर जायचं नाही हा ह्यांचा नेम. "मी काही नेतो म्हणून ताठ बसतो," म्हणायचे. "नाहीतर तो कपच बरा होता."

कापलेला टॅक्स परत मिळावा म्हणून अर्ज केला आणि सुनावणीची तारीख आली. मी रजा टाकून इन्कमटॅक्स ऑफिसात बरोबर गेले. बोलायचं मी, असं घरी ठरवलं होतं. साहेब तरुण आणि सभ्य निघाले. मला बसायला खुर्ची दिली, पण म्हणाले, "बोलू द्या मिस्त्रींनाच." ह्यांनी एसटीची तिकिटं जपून ठेवली होती. साहेबांनी ती सगळी मान्य केली. मला वाटलं, जिंकलो.

मग पेटीचा विषय निघाला. "पाने कुणाच्या मालकीचे?"

"माझेच की, साहेब."

"नोकरी सोडलीत तर?"

"माझ्याजवळच राहणार. दुसऱ्याच्या हाताला बसत नाहीत ते."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मी टेबलाखालून ह्यांच्या पायाला डिवचलं. ह्यांनी पाय बाजूला घेतला.

"आणि जेवणाचा भत्ता? खानावळीची बिलं आणलीत?"

ह्यांचा चेहरा असा खुलला की मला पुढचं कळून चुकलं. "खानावळ कशाला, साहेब? मला त्या गावांत कुणी उपाशी पाठवत नाही. घरात नेऊन, चुलीपाशी बसवून जेवू घालतात. अगदी आत."

'अगदी आत' म्हणताना ह्यांचा आवाज जरा कापला. त्या खोलीत तो ऐकणारी मी एकटीच होते. साहेबांना ऐकू आलं ते एवढंच की खर्च झालेला नाही.

"म्हणजे भत्ता शिल्लक पडतो," ते म्हणाले.

"शिल्लक कुठली, साहेब? काचा नेतो, चहापूड नेतो..."

"ती भेट झाली. ती तुमची खाजगी गोष्ट."

साहेब चिडले नाहीत की टाकून बोलले नाहीत. नोकरीच्या कामासाठी जेवढा खर्च खरोखर झाला तेवढाच सुटतो, उरलेला भत्ता म्हणजे उत्पन्न, आणि पाने स्वतःच्या मालकीचे म्हणून हत्यारांचे पैसेही उत्पन्नच, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, मी वर्गात मुलांना हातचा समजावते तसं. आणि मला ते समजलं. तेच वाईट झालं. भांडायला एखादा उद्धट माणूस मिळाला असता तर मी त्याला सोडला नसता.

जिना उतरताना सगळा राग ह्यांच्यावर निघाला. "खानावळीत जेवतो म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?"

हे थांबले. "एवढ्या वर्षांनी ते मला आत बसवतात," म्हणाले, "आणि मी सरकारदरबारी सांगू की तिथे मला कुणी जेवायला घालत नाही?"



पुढे कारखान्याने ही कटकटच नको म्हणून भत्ता बंद केला. बिल आणा, पैसे घ्या. बाकीचे मिस्त्री स्टँडजवळच्या खानावळीतून कोरी बिलं आणून हवे ते आकडे भरायचे. ह्यांना ते जमलं नाही. कंदिलाच्या काचेचं बिल कुणी घेईना. दोन-तीनदा मी माझ्या पगारातून चहापूड घेऊन दिली. मग मुलीची फी भरायची होती तेव्हा ह्यांनीच नको म्हटलं. त्यानंतर गिरणीचं काम संपलं की हे हात धुवायचे, घाई आहे म्हणायचे आणि जेवायला हरसूलला खानावळ गाठायचे. तिथे बिल मिळायचं.

एका मे महिन्यात, शाळेला सुट्टी होती तेव्हा, मी ह्यांच्याबरोबर हरसूलच्या बाजाराला गेले, तांदूळ घ्यायला. दुपारी त्याच खानावळीत बाकावर बसून जेवत होतो. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी आमच्यासमोर येऊन थांबली. ह्यांचा घास हातातच राहिला. मी ओळखलं, ही तीच.

"ही मास्तरीन का तुझी?" तिने मला न्याहाळलं. "बरी हायेस ना, बाय?" मग पाटी खाली ठेवून बाकाच्या कडेला टेकली. "मिस्तरी, लय दिस झालं, तू आमच्याकं जेवला नाय. घाई हाय म्हंतो, आन् हितं बसून जेवतो."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

म्हातारीने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "त्या कपाचं मनात हाय का अजून?"

"नाही हो, आई."

"तवा आमाला अक्कल नव्हती, लेका. तो कप मी कवाच फोडला. माझ्या हातानं फोडला."

मी बोलायला तोंड उघडलं. चौथीच्या पोरांना मी भागाकार शिकवत होते, पण भत्ता, उत्पन्न, भेट, खाजगी गोष्ट, यातलं काय त्या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं ते मला सुचेना.

"तसं नाही, आई," हे पुन्हा म्हणाले.

"मंग कसं?"

खानावळवाल्याने तेवढ्यात दोन ताटांचं बिल लिहून पुढ्यात ठेवलं. ह्यांनी डाव्या हाताने ते उचललं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. म्हातारी बघत होती. मग तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे निघून गेली.