अकराव्या फरशीवरची बेरीज

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चार होकायंत्रांनी चार वेगवेगळ्या बाजूंना उत्तर दाखवली. त्यांच्या मधोमध काहीही नव्हतं. पाहणारे आम्ही तिघं होतो — मी, माझी मुलगी केतकी आणि तिला फिजिक्स शिकवणारे सर. सरांच्या विनंतीवरून त्यांचं नाव देत नाही.

मी एकोणीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते आहे. झपाटलेली घरं, आपोआप हलणाऱ्या वस्तू — अशा बातम्या येतात. मी दोनच प्रश्न विचारते. कोणी पाहिलं? तुम्ही स्वतः पाहिलंत का? बहुतेक बातम्या तिथेच संपतात. मी स्वतः असं काही लिहीन असं कधी वाटलं नव्हतं...

केतकी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे. त्या सेमिस्टरला त्यांना टेन्सर आणि क्षेत्रं हा भाग होता. सरांनी घरी करायचं एक प्रॅक्टिकल दिलं — एका खोलीतलं चुंबकीय क्षेत्र मोजा. ते मोजणारा सेन्सर हल्ली फोनमध्येच असतो. फोन एका जागी ठेवला की तो तीन आकडे देतो : उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, वर-खाली. मग फोन या तिन्ही दिशांना बोटभर सरकवायचा आणि प्रत्येक आकडा किती बदलला ते लिहायचं. झाले नऊ आकडे. तो त्या जागेचा टेन्सर. तीन बाय तीनच्या चौकटीत मांडले, की डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपे खाली येणारे जे तीन आकडे असतात, त्यांची बेरीज शून्य यावीच लागते.

"जेवढं आत शिरतं तेवढंच बाहेर पडतं, आई," केतकीने मला समजावलं. "मध्ये फ्रिज असू दे, स्लॅबमधलं लोखंड असू दे. फील्ड वाकेल, पण शून्य मोडणार नाही."

आमच्या हॉलमध्ये चोवीस फरश्या आहेत. प्रत्येक फरशीच्या मध्यावर प्लास्टिकचं स्टूल ठेवून तिने रीडिंग घेतली. तेवीस ठिकाणी बेरीज शून्याच्या जवळपास आली. अकराव्या फरशीवर आली नाही. सोफ्यासमोरची मोकळी जागा आहे ती. केतकीने माझ्या फोनवर करून पाहिलं, मग शेजारच्या काकूंच्या फोनवर. शेवटी मेन स्विच बंद करून पाहिलं. बाकी सगळीकडे शून्य, अकरावीवर नाही.

तिने आकडे आले तसे जर्नलमध्ये लिहिले. सरांनी सही केली नाही. सही नसलेलं जर्नल घेऊन प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. शुक्रवारी मी कॉलेजात जाऊन सरांना भेटले.

"अहो मॅडम, रीडिंग कुक सगळेच करतात," सर म्हणाले. "पण उत्तर बरोबर यावं म्हणून करतात. आपली कन्या चूक यावं म्हणून करते. हे नवीन आहे."

"तिने काहीही बनवलेलं नाही."

"असं? म्हणजे जगभरातली मोठी माणसं एकाच टोकाचं चुंबक शोधतायत, ते आपल्याकडे सोफ्यासमोर ठेवलंय. पत्ता द्या. उद्या येतो."

मी पत्ता दिला.

सर दहा वाजता आले. बरोबर कॉलेजचं मोजणीचं यंत्र आणि चार छोटी होकायंत्रं होती. मी चहाचं विचारलं.

"आधी चमत्कार. चहा नंतर."

त्यांनी अकराव्या फरशीवर नऊ आकडे घेतले, तिरप्या तिन्हींची बेरीज केली, चष्मा पुसला आणि परत घेतले. मग थर्माकोलच्या तुकड्यावर चार बाजूंना चार होकायंत्रं ठेवली आणि तुकडा स्टुलावर ठेवला. चारही सुयांची लाल टोकं बाहेरच्या बाजूला वळली. सरांनी स्टूल काढायला लावलं. केतकीने तो तुकडा त्याच उंचीवर हातात धरला. सुया तशाच. तिने तो दोन वीत बाजूला नेला, चारही सुया उत्तरेला. परत आणला, परत बाहेर. सरांनी यंत्र वरून धरलं, गुडघ्यावर बसून खालून धरलं. वरती क्षेत्र वर जात होतं, खाली खाली जात होतं. सगळीकडून बाहेर... आत कुठूनच नाही.

सर सोफ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

"केतकी, एक आकडा बदल," ते शेवटी म्हणाले. "कर्णावरचा तिसरा. शून्य होईल असा घाल. मी आत्ता सही करतो."

"सर, तुम्ही आत्ता स्वतः बघितलंत!"

"बघितलं म्हणूनच सांगतोय. परीक्षेला बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षक हे पान उघडणार आणि खाली सही माझी असणार. आयुष्यभर मी हे शून्य शिकवत आलोय गं."

"बदल, बाळा," मी म्हणाले. मी हे म्हणाले, म्हणून इथे लिहिते आहे. "वर्षाचा प्रश्न आहे."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतेस हे?" तिने पेनाचं टोपण लावलं. "नाही बदलणार. सर, नापास करा."

सर सही न करता जर्नल घेऊन गेले. चहा राहूनच गेला.

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघींनी अकराव्या फरशीवर पुन्हा रीडिंग घेतली. बेरीज शून्य. त्यानंतर तिथे प्रत्येक वेळी शून्यच आलं आहे. सरांना दिवसभर फोन केले. फोन बंद होता. शनिवारी त्या जागी काय होतं, याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही, सरांकडेही नाही.

सोमवारी सरांनी स्टाफरूममध्ये केतकीच्या हातात जर्नल दिलं. हे तिने सांगितलेलं. जर्नल मी पाहिलं आहे. तिच्या आकड्यांत खाडाखोड नाही. त्यांच्याखाली सरांची सही आहे. सहीखाली, त्यांच्याच अक्षरात, आणखी एक चौकट आहे. ठिकाण : स्वतःचे घर, बुधवार पेठ, स्वयंपाकघराचे दार. वेळ : रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नऊ आकडे आहेत, तिरपे तीन लाल पेनने अधोरेखित केलेले. ते मी तीन वेळा कॅल्क्युलेटरवर मिळवले. बेरीज शून्य येत नाही.