डब्यातला पटका

पिंपरीच्या कारखान्याबाहेर मी अर्ज लिहीत असे. कायद्याचा जाणकार म्हणून युनियनने मतमोजणीस मलाच पाचारण केले. मालकास जुनाच करार पुढे वाढवायचा होता. मान्य असल्यास ज्वारीचा दाणा, नसल्यास खडा, मूठ झाकून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, असे ठरले. समोर मालकाचा मुकादम उभा होता.

पहिला आला एक उंच, पाठीत वाकलेला कामगार. त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. त्याने मूठ सोडली आणि डबा खणकन वाजला. दाणा असा वाजत नाही, हे सर्वांच्या एकदमच ध्यानी आले.

"कळलं हां, भाऊ!" मुकादम हसला. रांगेतल्या कित्येकांनी खडे गुपचूप खाली सोडले.

त्या उंच कामगाराने डोक्याचा पटका सोडला आणि डब्यात आपल्या खड्यावरच अंथरला.

"माझं तर झालंच हाय," तो म्हणाला. "आता तुमी टाका, राव. वाजायचं न्हाई."

खाली पडलेले खडे पुन्हा उचलले गेले. मोजणीत खडेच अधिक भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पटका त्याला परत द्यावा म्हणून, मुकादमास दिसू नये असा कोटाखाली धरून मी फाटकाशी उभा राहिलो. भोंगा झाला, फाटक लागले; तो कामावर आलाच नाही. पटका माझ्यापाशीच राहिला.