मामीनं वल्हवलेली होडी

कॉलेजात असताना एका दिवाळीच्या सुट्टीत मी तापीकाठी मामाच्या गावी गेले होते. मामाची केळीची बाग पलीकडच्या काठावर होती, म्हणून त्यानं स्वतःची छोटी होडी ठेवलेली. वल्हवायचा मात्र तोच. मामी इतकी वर्षं नुसती बसून जायची. एका सकाळी मामा नंदुरबारच्या बाजाराला गेला आणि मामी मला म्हणाली, "चाल, आज आपुनच जाऊत!"

मी पुढे बसले, मामी मागे, आणि दोघींनी एकेक वल्हं घेतलं. निघालो, तर होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. हसून हसून आमच्या हातातलं बळच गेलं. मग मामी मोठ्यानं "एक, दोन" म्हणू लागली, दोन्ही वल्ही एकदम पाण्यात पडू लागली आणि होडी सरळ सुटली! मधल्या धारेत ती हेलकावली तेव्हा मी वल्हं मांडीवर टाकून होडीची कड घट्ट धरली.

"भ्याऊ नको, मी शे ना!" मामी ओरडली. तिला पोहता येत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

बागेपासून बऱ्याच खाली आम्ही काठाला लागलो. मामीचं लुगडं चिंब भिजलेलं, तळहातांना फोड आलेले. वाळूत बसून धापा टाकत ती म्हणाली, "परत जाताना मी पुढे बससू."