कॉम्प्युटरात अडकलेले धवले

शी! त्या कॉम्प्युटरची आठवण झाली की आजही आधी वास येतो. तापलेल्या धुळीचा, तेलकट, झुरळांचा. भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या घरात तो सहा-सात वर्षं एका कोपऱ्यात बसून होता. आणला तेव्हा पांढरा होता, मी सांगतेय त्या वेळी तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा झाला होता. भिंतीपलीकडे लूम, कापडाचे यंत्रमाग. दोन्ही शिफ्ट चालायच्या, आणि खिडकी उघडी असो की बंद, सुताची रुई घरभर उडायची. आमच्या डोक्यात रुई, आमटीत रुई, मग कॉम्प्युटर काय सोवळ्यात राहणार?

मी त्याला केव्हाच भंगारात दिला असता. पण धाकट्या बहिणीची हळद नऊ दिवसांवर आली होती, आणि आईचे सगळे धवले, लग्नविधींची गाणी, त्या डबड्यात होते.

आई धवलारीण. आमच्या लग्नांत भटजीच्या आधी तिला बोलावणं जायचं. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिच्या तोंडी. ती एक ओळ म्हणणार, मागे बसलेल्या बायका तीच ओळ झेलून परत म्हणणार. दिघाशीपासून वळ गावापर्यंत तिने लोकांच्या पोरी उजवल्या. आणि स्वतःच्या धाकटीचं लग्न ठरायच्या आधीच, दिवाळीत, तिला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. घशातून एक आवाज तेवढा निघायचा, शब्द एकही नाही. धाकटीने साखरपुड्याच्या दिवशीच मला सांगून टाकलं होतं, "ताई, माझ्या हळदीला आईचेच धवले पाहिजेत. बाहेरची धवलारीण आणलीस तर मी पाटावर बसणार नाही."

बोलता येत होतं तेव्हा आई घरात बसून कधी गायली नाही. "मांडव न्हाय तं धवला कशाला? देवाला फुकट उठवायचा का?" म्हणून मी लग्नालग्नांत वही घेऊन तिच्या पाठीमागे बसायचे आणि घरी येऊन टाइप करायचे. शाळेत शिक्षिका ना मी, टायपिंगची परीक्षा पास! टाइप झाल्यावर त्या वह्यांचं काय केलं असेल? खाडीत सोडल्या. पानापानावर देवांची नावं, रद्दीत कशा घालायच्या? उद्या कोणी त्यात भजी बांधली तर? नारळ वाहून, हात जोडून सोडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर मी धवले छापून घ्यायला बसले आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर आधी एक बाई आली, अंगावर चिंधी नाही. ती बंद केली तर दोन आल्या. त्या बंद करते तोवर लॉटरी लागल्याची घंटा वाजायला लागली. समोर खाटेवर आई. मी माझ्या ओढणीने पडदा झाकला आणि ओढणीखालून माउस फिरवत बसले. भीक नको पण कुत्रा आवर!

दादा वळच्या गोदामातून ड्युटी करून आला, तेव्हा मी त्याला धरला.

"काय काय उतरवून ठेवलंयस यात?"

"काय न्हाय गं. गणपतीचा वॉलपेपर. आणि ती मासळी पोहते ती. फुकट होतं."

"आणि ते विचारतात तेव्हा काय दाबतोस?"

"यस. नको कशाला म्हणायचं?"

कपाळ माझं! फुकट घालाल जेवू तर आम्ही सारे येऊ, तसा गावभरचा स्पायवेअर पंगत मांडून बसला होता. आमचं प्रत्येक बटण कुठे कुणाला कळत होतं देव जाणे. कोणी न्हाणीच्या फटीतून डोकावल्यासारखी किळस आली मला. दादा हसला. मला त्याचं ते हसणं इतकं घाण वाटलं की मी त्या दिवशी त्याला वाढलं नाही.

त्यात भर म्हणजे धवल्यांची फाइल उघडेना. फाइल खराब आहे, एवढंच मशीन म्हणायचं. दुसऱ्यांदा उघडली तर पानभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मी आईकडे बघितलं नाही.

दुरुस्तीवाले गृहस्थ आमच्याच मोहल्ल्यातले, जुन्या भिवंडीकर घरातले. आधी लूमचे फिटर होते, मग कॉम्प्युटर शिकले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"अल्ला! बाई, हे मशीन आहे की गादी?"

आत रुईचा थर बसला होता, तेलाने चिकट झालेला, काळपट. पंखा त्यात रुतलेला. झुरळांची अंडी होती, लेंड्या होत्या, आणि तळाला एक पालीचं पिल्लू वाळून पट्टीला चिकटलं होतं. चाचांनी ते स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं. मी नाकावर ओढणी धरली, पण हलले नाही. डिस्क घरी नेऊ द्यायला मी तयार नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःचं मशीन आमच्याकडे आणलं आणि आमची डिस्क त्याला जोडली.

पाच-सहा दिवस त्यातच गेले. स्पायवेअर काढावा तर एक जायचा आणि दोन उगवायचे. चाचा म्हणाले, "डिस्क घिस गई है बाई. जागोजागी अक्षर धरत नाही. जे मिळेल ते तुकड्यांत मिळेल." खरंच तुकडे मिळाले, नाव-गाव नसलेले, नुसत्या नंबरांच्या फायली. एकेक उघडून मी ओळख पटवायची. ही दादाची मासळी. ही शाळेची प्रश्नपत्रिका. हा कसला नागडा फोटो, शी, मेला. आणि मग अचानक मांडवाचा धवला! मी मोठ्याने रडले. चाचा चष्मा पुसत दुसरीकडे बघत बसले. संध्याकाळपर्यंत सगळं जुळलं. मी टाइप केलेला शब्द न शब्द सापडला होता. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

हळदीच्या दिवशी आईच्या जागी मी बसले. आईला शेजारी खुर्चीत बसवलं होतं. समोर धाकटी पाटावर, पलीकडे तिची होणारी सासू, आमच्या विहीणबाई, आणि मागे आईच्या नेहमीच्या बायका. मी कागदावरची ओळ म्हणायची, त्या झेलायच्या. आईचे डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर ठेका धरून. मला वाटलं, जिंकलो.

देवांचं आवाहन झालं, हळदीचं झालं, मी पान उलटून पुढची ओळ म्हटली, आणि आईचा हात फाडकन माझ्या मनगटावर बसला. मी दचकून परत तीच ओळ म्हटली. परत फटका. ती विहीणबाईंकडे बोट दाखवत होती. मागच्या बायका ओठ दाबून वाट बघत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे विहिणीला शिव्या घालायच्या असतात. तिने जिताडा मासा पळवला, तिच्या पदरातून खाडीच्या चिखलातल्या निवट्या उड्या मारतात, आणि त्याहून पुढचं, जे मी अजूनही लिहू शकणार नाही. प्रत्येक विहिणीला बघून आई ते तिथल्या तिथे जुळवायची, मांडव हसून लोळायचा, विहीण सुद्धा. हे सगळं वह्यांत होतं. टाइप करताना मी गाळलं होतं. शिकलेली बाई मी, मला लाज वाटली होती. आपल्या आईच्या तोंडची ही घाण लोकांनी वाचू नये म्हणून मी ती कॉम्प्युटरात शिरूच दिली नव्हती, आणि वह्या खाडीत.

"पुढं काय गं?" मागून एकीने विचारलं.

"नाहीये," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी पालीच्या पिल्लाकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच नजर. मग तिने विहिणीकडे तोंड फिरवलं, मान उंचावली, आणि घशातला तो एकच आवाज काढला. शब्द नाही काही नाही, नुसता खरबरीत सूर, पण चाल तीच, शिवीची. आणि मागच्या बायकांनी, सवयच होती त्यांना, तो जसाच्या तसा झेलला. तिने पुन्हा काढला, त्यांनी पुन्हा झेलला. विहीणबाई आधी गोंधळल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पाटावर धाकटी हसत होती आणि रडत होती.

मी कागद हातात धरून मध्येच बसले होते. त्या आवाजामागे या विहिणीसाठी आईचे शब्द काय होते, ते मांडवात कोणालाच माहीत नव्हतं. जुन्यातले दोन-चार तुकडे सोडले तर मलाही काही आठवत नव्हतं.