पांढऱ्या शर्टातला तेलवाला

तेल विकणारा माणूस पांढरा शर्ट घालून आला, हेच मला आधी खटकलं. आमच्या बुऱ्हाणपुरात माग चालवणाऱ्यांचे कपडे काळेच असतात. मागाचं तेल कापडावर उडालं की डाग जात नाही आणि व्यापारी थान परत करतो. हा एरंडीपासून तेल बनवायचा. पहिलं गिऱ्हाईक मीच ठरणार होते. त्याच्या तेलानं माझा माग अडकला असता, तर गल्लीत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

"एरंडेलच ना? मागाला जुलाब होतील," मी म्हणाले.

"मावशी, माग तर पळेल, अन् डागही धुतला की जाईल!" म्हणत त्यानं तेलाचा हात स्वतःच्या शर्टाला पुसला आणि तो शर्ट आमच्या नळावर साबणानं धुतला. डाग खरंच निघाला. तरी मी तेलाचा डबा घेतला नाही.

जाता जाता तो म्हणाला, "एक बात सांगतो. माग बंद राहिला तर हे तेल चिकटतं. सुट्टीआधी पुसून घ्यायचं."

स्वतःच्या मालाची खोड सांगणारा विक्रेता मी पाहिला नव्हता. डबा ठेवून घेतला.

आता सणाच्या आदल्या दिवशी तो गल्लीभर माग पुसत फिरतो, आणि हात शर्टालाच पुसतो. नाव मी विचारलेलं नाही. माग चालतात, तेवढं पुरे.