जनूमामाने सरस लावला

माझा जनूमामा हमरापूरचा. गणपतीची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं काम, सगळ्या पेण तालुक्यात त्याच्यासारखं कुणाला जमत नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. बाकी माणूस महा हट्टी. कुणाचं ऐकेल तर शपथ.

त्याची एकुलती एक मुलगी पुतळी. सत्तरच्या सुमारास तिला आमच्या रोह्यात, आमच्याच आळीत दिली. लग्नाचे फोटो काढायला रोह्याहून फोटोवाला यायचा होता, तो आलाच नाही. सगळे म्हणाले, पुढे काढू कधीतरी. वर्ष होतं न होतं तोच पुतळी बाळंतपणात गेली, बाळही गेलं. जाताना तिचं तोंड सुजून ओळखू येईना, तेच तिच्या आईने शेवटचं पाहिलं. त्या फोटोवाल्याचा मला अजून राग येतो.

दिवसकार्य उरकल्यावर सगुणामामीने नवऱ्याच्या मागे एकच लकडा लावला. "अवो, जलमभर देवाचं डोळं काढताव. माझ्या पोरीचं दोन काढा."

मामाने आधी कागदावर काढून पाहिलं. दमट हवेने कागद फुगायचा. शेवटी रोह्याच्या मोरू पेंटरने, जो नाटकाचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याला लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून दिला. चौकटीच्या कोपऱ्यांत आतून पाचरी बसवलेल्या होत्या.

"पावसात कापड ढिलं पडंल, तवा पाचरी हळू ठोकायच्या," मोरूने बजावलं. "तरीपन ढिलं रायलं तर गप बसायचं. ऊन पडलं की आपसूक ताणतंय. दुसरं कायपन करू नका, जनूभाऊ."

मामाने मान डोलावली. ती तो नेहमीच डोलवायचा.

चित्र मात्र असं उतरलं की काय सांगू. हसताना पुतळीचा डावा डोळा किंचित बारीक व्हायचा, तोही त्यात होता. माझी आई रोह्याहून एसटीने बघायला गेली आणि दारातच रडायला लागली. मामीने चित्र चुलीसमोरच्या भिंतीवर लावलं. भाकऱ्या थापताना ती त्याच्याशी बोलायची, "पुतळे, आज ताजा जवळा गावला गो." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

काही पावसाळे पाचरींवर निभावले. मग एका वर्षी पाऊस हटेचना. नागोठण्याच्या बाजारात अंबा नदीचं पाणी शिरलं आणि हमरापुरात मूर्ती वाळेनात. पाचरी पार आत गेल्या, आणखी ठोकायला जागा राहिली नाही, आणि कॅनव्हास मधोमध पोटासारखा सुटला. पुतळीचा गाल लोंबला, हसरा डोळा खाली आला.

"पुन्यांदा सुजली वो माझी पोर," मामी म्हणायची. तिचं जेवण सुटलं.

उन्हाची वाट बघा, असं त्या बाईला कोण सांगणार? मामाच्या मूर्तींच्या कारखान्यात तेव्हा सरस शिजत होता. जनावरांच्या कातड्याचा हा डिंक मूर्तीच्या पांढऱ्या रंगात घालतात, म्हणजे रंग पक्का बसतो. हमरापूरच्या माणसाचा सरसावर देवाइतका भरवसा. मामाने चित्र उलटं केलं, पाठीमागून गरम सरसाचा चांगला दाट हात दिला आणि चुलीच्या उबेला वाळत ठेवलं. कापड खरोखर ताठ झालं. गाल बसला, डोळा जागेवर आला. त्या दिवशी दोघं पोटभर जेवली.

गणपती गेले आणि आश्विनाचं ऊन तापलं. मोरू म्हणाला होता तसं कापड आपसूक ताणायला लागलं. त्यात पाचरी शेवटपर्यंत ठोकलेल्या आणि पाठीवरचा सरस दिवसेंदिवस आवळत चाललेला. मूर्तीत सरसाखाली टणक माती असते, इथे नुसतं कापड होतं. रंगाला आधी केसासारख्या भेगा गेल्या, मग खपल्या सुटल्या. मामीने भात वेळता वेळता वर पाहिलं, तर कपाळ, डोळे, नाक सगळं जमिनीवर. चौकटीत हनुवटी आणि पदराचा काठ तेवढा उरला होता. तिने त्या खपल्या सुपात गोळा केल्या. तांदळासारख्या निवडत बसली बिचारी!

मोरूने नवा कॅनव्हास ताणून आणून दिला. मामाने डोळे काढले. ते गणपतीचे झाले. पुसून पुन्हा काढले, पुन्हा तेच.

भाऊबीजेला आम्ही हमरापूरला गेलो, तेव्हा तो त्या कोऱ्या कापडासमोर पाट टाकून बसला होता.

"मला पोर आठवत नाय, ताई," तो आईला म्हणाला. "चित्र आठवतंय. त्याच्या आधीची पुतळी कवा इसारलो, कळलंच नाय."

आई ओवाळणीचं ताट घेऊन आलेल्या मामीकडे वळली. "वैनी, तू सांग गो त्याला. तू आय हायस तिची. नाक कसं होतं, डोळं कसं होतं, तू सांगशील तसं काढील तो."

मामीने ताट खाली ठेवलं.

"मीपन रोज चितरच बघत होते, वन्सं," ती म्हणाली.