खोडलेली उलांडी

नात काहीतरी खोडत बसली होती. त्या खोडरबराचा वास आला आणि देवबागची आमची पडवी आठवली.

सातवीत होते. आठ दिवस वाळूत बसून, गिरवून गिरवून मी बाबांची होडी काढली होती. पाण्यात तोल सांभाळायला होडीच्या एका अंगाला जे लांब लाकूड बांधतात, ती उलांडीही काढली. घाटावरून नवे आलेले ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "हा ओंडका कशाला? दोन्ही बाजू सारख्या हव्यात. खोड." मी खोडला. मास्तरांनी 'उत्तम' असा शेरा दिला.

संध्याकाळी पडवीत मी तो कागद बाबांपुढे नाचवला. हाताला मासळी लागलेली, म्हणून त्यांनी नुसतंच वाकून पाहिलं.

"उलांडी खंय गेली गो? ही पयल्याच लाटेक उलटतली."

"तुका चित्रातला काय कळता?" मी फटकन म्हणाले.

बाबा उठले आणि जाळं विणायला बसले.

पुढे तीस वर्षं मी मुलांना ड्रॉइंग शिकवलं. बाबांनी माझं एकही चित्र पुन्हा पाहायला मागितलं नाही. मीही दाखवलं नाही. होडी मला नीट जमली ती तेवढीच, खोडण्याआधी.